साइटवरची अक्का

आमच्या दुकानाच्या वेबसाइटवर एक त्रिकोणी बटण होतं. ते दाबलं की आधी पाण्याची खळखळ, मग बासरी, आणि मग एका बाईचा गोड, गुळगुळीत आवाज यायचा: 'मी या घरातली थोरली लेक.' ती आमच्या घरातली थोरली लेक नव्हती. ती कोण होती हे मला आजही ठाऊक नाही. मी विचारलंच नाही. आमच्या घरातली थोरली लेक, म्हणजे माझी अक्का, त्या वेळी मागच्या अंगणात निळीच्या मडक्यापाशी उकिडवी बसलेली असायची, हात कोपरापर्यंत निळे.

हे सगळं शांतपणे लिहायचं ठरवून बसलो होतो. जमलं नाही. राग येतो. एजन्सीवर येतो, पुण्याच्या गिऱ्हाइकांवर येतो, त्या बासरीवर तर फारच येतो, आणि सगळीकडे फिरून शेवटी माझ्याच दारात येऊन उभा राहतो. म्हणून रागातच लिहितो.

आम्ही म्हैसूरचे जुने मराठी. कुठल्या पिढीत आलो ते सांगणारं आता कोणी नाही. रंगारी म्हणून आलो, एवढं नक्की. नात्यातले बहुतेक जण बँकेत, शाळेत, कंपनीत गेले. कापड छापणारी आमच्यासारखी घरं मोजकीच उरली. लाकडी ठशांची छपाई बेळगोळच्या रस्त्यावरच्या एका शेडमध्ये चालते, पण निळीचं काम अजून दुकानामागच्या घरात. अंगणात एक खोल मडकं जमिनीत पुरलेलं आहे. त्यात नीळ, चुना, गूळ आणि उकडलेलं टाकळ्याचं बी. ते आंबतं, जिवंत राहतं, आणि मनात आलं तर रुसतं. रोज सकाळी झाकण काढून काठीनं हळू ढवळायचं. वर जांभळट फेस धरला की मडकं उठलं म्हणायचं. कापड त्यानंतर.

आणि उठवताना त्याच्याशी बोलायचं. ही रीत सगळ्या रंगाऱ्यांत होती की आमच्याच घरात, मला माहीत नाही. आई बोलायची. आई गेल्यावर थोरली लेक म्हणून ते अक्काकडे आलं. तिला नंजनगूडला दिलंय. रोज सकाळच्या गाडीनं येते, चपला काढते, पदर खोचते आणि झाकण उचलत म्हणते:

"एळ गं बाई, एळ. ऊन आलं बघ अंगणात. गूळ दिला, चुना दिला, अजून एन् बेकु तुला? एद्दु बा की. नीळ दे."

एळ म्हणजे ऊठ. एन् बेकु, काय पाहिजे. एद्दु बा, उठून ये. आमच्या घरची मराठी अशीच आहे. चालता चालता कन्नडच्या ओसरीवर जाऊन बसते आणि परत येते. अक्का मला 'तम्मा' म्हणते, धाकटा भाऊ, तेही कन्नडच. शिव्या मात्र चोख मराठीत देते.

मी काही वर्षं पुण्यात नोकरीला होतो. तिथं ऑफिसात एकदा 'थोडं थांबा'च्या जागी घरच्या सवयीनं 'स्वल्प थांबा' म्हणालो तर सगळे हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकानं हसले, आणि तेच मला लागलं. मग मी माझी मराठी धुऊन काढली. पुस्तकं वाचली, रेडिओ ऐकला, एकेक शब्द पिळून त्यातला म्हैसूरचा रंग घालवला. हे जे लिहितोय ते त्याच धुतलेल्या मराठीत. अक्काला वाचून दाखवलं तर म्हणेल, बातम्या सांगालास काय रे?

वेबसाइट काढली ती गरजेपोटी. दुकानाची पायरी चढणारं गिऱ्हाईक कमी झालं होतं, आणि चादरी, ओढण्या, साड्या बाहेरगावी जाऊ लागल्या होत्या, जास्त करून पुणे, नाशिक, ठाण्याकडे. म्हैसुरात मराठी रंगारी आहेत याचंच तिकडच्या लोकांना अप्रूप. साइट सांभाळायला बेंगळूरची एक एजन्सी धरली. तिथल्या मॅडम मूळच्या पुण्याच्या, तरुण, हुशार.

"सर, फोटो सगळेच टाकतात," त्या म्हणाल्या. "लोक बघतात आणि पुढे जातात. आवाज टाका. आवाज ऐकायला माणूस थांबतो. थांबला की वाचतो, वाचलं की घेतो."

यात खोटं काही नव्हतं, हे आज रागातही मान्य करावं लागतं. साइटवर कापड चिमटीत धरून बघता येत नाही, वास घेता येत नाही. निदान कानाला तरी काही मिळावं.

"पण कोणाचा आवाज?" मी विचारलं.

"तुमच्याकडे कोणी आजी वगैरे नाहीत का?"

"आजी नाही. अक्का आहे."

"परफेक्ट!"

एजन्सीनं एक चिमुकला माइक पाठवला. मी तो अक्काच्या पदराला लावायला गेलो तर ती मागे सरकली. "हे झुरळ कशाला लावालास मला?" पण मग बोलली. न थांबता बोलली. मी या घरातली थोरली लेक, आईच्या मागून हे मडकं माझ्याकडं आलं, आईचे हात शेवटपर्यंत निळेच होते, न्हाऊ घातलं तरी गेले नाहीत. मग झाकण उचलून तिनं मडकं उठवलं, आणि मी मध्येच तोंड घातलं.

"अक्का, एन् बेकु नको. काय हवं, असं म्हण."

"कोणाला म्हणू?"

"मडक्याला."

"त्याला कन्नड येतंय की रे. इतकी वर्षं इथंच आहे."

मी हसलो आणि तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिनं म्हटलं. तिथवर आली की एन् बेकुच बाहेर पडायचं. शेवटी मी कंटाळून सोडून दिलं.

पहिले काही दिवस साइट उघडली की आवाज आपोआप सुरू व्हायचा. ठाण्याच्या एका बाईंनी तक्रार केली की ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्यांचा लॅपटॉप एकदम 'एळ गं बाई, एळ' म्हणून ओरडला. मी हे अक्काला सांगितलं तर ती पदरानं डोळे पुसेपर्यंत हसली. "उठली का मग ती?" त्यानंतर बटण बसवलं, ज्याला ऐकायचं त्यानं दाबावं. लोकांनी चांगलं लिहिलं. अक्कानं माझ्याकडून ते रेकॉर्डिंग स्वतःच्या फोनमध्ये घेतलं, लावायचं शिकून घेतलं आणि नंजनगूडच्या गाडीत शेजारणींना ऐकवलं. त्यांना मराठी येत नव्हती, पण एन् बेकु आलं की सगळ्या हसायच्या, असं तिनंच मला सांगितलं. मी तिला एवढी खूश फार कमी वेळा पाहिली आहे.

मग मॅडमचा फोन आला. काही लोक बटण दाबतात आणि अर्ध्यावर बंद करतात.

"सर, ताईंचा आवाज खूप रॉ आहे. ऑथेंटिक आहे, पण… जरा जास्तच ऑथेंटिक. आपलं गिऱ्हाईक मराठी आहे ना. त्यांना वाटतं हे चुकीचं मराठी आहे. शब्द ताईंचेच ठेवू, थोडे नीट करून. फक्त आवाज प्रोफेशनल घेऊ."

जास्त ऑथेंटिक. हा शब्द मी त्यानंतर कितीतरी वेळा दातांखाली चावला आहे. खरं असावं, पण बेतानं. माणूस असावा, पण त्याचं तोंड दुसऱ्याचं असावं. पण त्या दिवशी मी यातलं काहीही म्हणालो नाही. बघू, असं म्हणालो.

नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा मी अंगणातच होतो. अक्कानं नुकताच हातात कॉफीचा लोटा दिला होता. तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन कानाला चिकटवला. 'ऊठ सखे, ऊठ. सूर्य अंगणी आला. गूळ दिला, चुना दिला, आणखी काय हवं तुला?' मागे बासरी. सुंदर होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला नको वाटतं पण तसंच वाटलं. आता आमच्या घरच्या मराठीला कोणी हसणार नाही. मी 'ओके' टाइप केलं.

"कोणाचा फोन?" अक्कानं विचारलं.

"बँकेचा," मी म्हणालो आणि तिचीच कॉफी प्यायलो.

तिला सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू. ती स्वतःच्या फोनवर तिचा जुना आवाज ऐकायची, साइट उघडायची नाही. विक्री वाढली. मॅडमनी अभिनंदन केलं. मी ते घेतलं.

एका रविवारी पुण्याचं एक जोडपं दुकानात आलं. म्हैसूर बघायला आले होते.

"त्या ताई आहेत का हो?" बाईंनी विचारलं. "खास त्यांना भेटायला आलोय. काय आवाज आहे!"

अक्का बाजूलाच ओढण्यांच्या घड्या घालत होती. तिचा चेहरा फुलला. "मीच की ती. बसा, बसा. स्वल्प कॉफी घेता?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या निळ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठांवरचं हसू होतं तसंच राहिलं. "नाही, म्हणजे… साइटवर बोलतात त्या. ज्यांचं मराठी इतकं सुंदर आहे."

अक्का माझ्याकडे बघून हसली. "सांग की रे, तम्मा."

"त्या आज आलेल्या नाहीत," मी म्हणालो.

वाक्य तोंडातून गेलं आणि दुकान तसंच उभं राहिलं. काही पडलं नाही, फुटलं नाही. अक्कानं हातातली घडी पूर्ण केली. मग बाईंना म्हणाली, "लावा बघू तो आवाज." त्यांनी लावला. अक्कानं हात पदराला पुसून फोन घेतला आणि उभ्यानं सगळं ऐकलं. मी या घरातली थोरली लेक. आईच्या मागून हे मडकं माझ्याकडे आलं. आईचे हात शेवटपर्यंत निळेच होते. तिची वाक्यं, तिची आई, आणि कुठल्यातरी बंद खोलीत बसून ते वाचणारी कोणीतरी बाई, जिच्या नखाला कधी नीळ लागली नसेल. बासरी संपेपर्यंत अक्का हलली नाही.

"चेन्नागिदे," ती म्हणाली. छान आहे. फोन परत दिला आणि आत जाऊन खरंच कॉफी घेऊन आली. त्यांनी बरीच खरेदी केली.

ते गेल्यावर मी म्हणालो, "अक्का…"

"हेळि, सार्."

बोला, सर.

तेव्हापासून ती माझ्याशी मराठीचा एक शब्द बोलेना. नुसती कन्नड, स्वच्छ, आदराची, बसच्या कंडक्टरशी किंवा बँकेतल्या साहेबाशी बोलावी तशी. कन्नड आम्हाला परकी नाही, त्या भाषेतच आम्ही शाळा शिकलो. पण आमच्या घरात बहीणभाऊ असे बोलत नाहीत. घरात पाऊल टाकलं की माणूस आपोआप मराठीत येतो. अक्कानं मला उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवलं होतं. आणि तो 'सार्' कुठून आला तेही मला कळत होतं. मॅडम मला फोनवर 'सर, सर' म्हणायच्या ते ती रोज ऐकत होती.

माझ्या बायकोशी ती पूर्वीसारखीच बोलायची, मी तिथं उभा असताना, माझ्या डोक्यावरून. "तुझ्या नवऱ्याला विचार, चुना आणला का." बायको विचारायची, मी बायकोला सांगायचो, आणल्याचं. सगळे एकाच अंगणात.

मी एजन्सीला फोन करून आरडाओरडा केला. "काढा तो आवाज! आत्ता काढा!"

"सर, पण रिस्पॉन्स इतका छान आहे…"

"माझ्या बहिणीच्या तोंडातले शब्द आहेत ते!"

"हो सर, आपण ठरवूनच घेतले ना ते? तुमचा ओके आहे माझ्याकडे."

मी आणखी ओरडलो. बायको पलीकडे शाळेचे पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या मुलीवर कशाला ओरडता? तिनं तुमच्या मनातलंच केलं."

यावर मला तिचाही राग आला. आणखी काय करणार होतो?

दुसऱ्या दिवशी अक्काला म्हणालो, तुझाच आवाज परत लावतो, जसा होता तसा, एन् बेकुसकट. तिनं ढवळणं थांबवलं नाही.

"निम्मिष्ट, सार्." तुमची मर्जी, सर.

तिच्या होकाराशिवाय तिचा आवाज लावायची आता माझी छाती नव्हती. मी बटणच काढून टाकायला सांगितलं. साइट मुकी झाली. मॅडमनी लिहिलं की लोक आता थांबत नाहीत. नका थांबू, मी म्हणालो, पण मनातल्या मनात. तोंडानं तेवढंही जमलं नाही.

आणि ती मडक्याशीही बोलेना. निदान मी असताना तरी नाही. यायची, पदर खोचायची, झाकण काढायची, मुकाट्यानं ढवळायची. मला वाटलं होतं मडकं रुसेल. खरं सांगतो, मला ते रुसायला हवं होतं. एकदा तरी फेस धरायला नको होता, म्हणजे मला तिच्या पाया पडायला निमित्त मिळालं असतं. पण फेस रोज धरत होता. कापड हिरवट निघायचं आणि वाऱ्यावर निळं व्हायचं. चुना आणि गूळ आपलं काम करत होते, त्यांना शब्दांची गरज नव्हती. गरज आमची होती. आईनंतर त्या अंगणात आम्ही दोघांनी एकत्र ऐकायचं असं तेवढंच उरलं होतं, आणि ते मी बदलून टाकलं होतं.

असेच दिवस गेले. मग नाशिकच्या काही बायका एकत्र आल्या. त्यांच्यापैकी एकीनं आधी साइटवरून चादरी मागवल्या होत्या.

"तो आवाज काढलात का हो?" तिनं विचारलं. "किती छान होता."

मी काउंटरमागे उभा होतो. मला सरळ 'हो' म्हणून चादरी दाखवता आल्या असत्या.

"तो भाड्याचा आवाज होता," मी म्हणालो. "शब्द माझ्या बहिणीचे. आधी तिचाच आवाज होता. पण आमची मराठी तुम्हाला चुकीची वाटेल म्हणून मी तो काढला. मला लाज वाटली. नंतर गिऱ्हाईक तिला भेटायला आलं तर तिच्यादेखत मी सांगितलं की ती आज आली नाही. ती मागे आहे. आत्ताही आहे."

एक जण चादरीचा काठ उलटून बघायला लागली. मग जी बोलली होती तीच म्हणाली, "आम्हाला मडकं बघता येईल का?"

मी त्यांना अंगणात नेलं. अक्का झाकण काढायच्या बेतात होती. दुकान आणि अंगण यांच्यामध्ये एक पडवी आहे, तिथून सगळं ऐकू जातं. तिनं ऐकलं होतं, हे तिच्या मानेवरून मला कळलं.

"ताई, ते तुमचे शब्द तुम्हीच म्हणा ना," ती बाई म्हणाली.

"सार् हेळतारे," अक्का म्हणाली. सर म्हणतील. आणि काठी माझ्यापुढे धरली.

मी उकिडवा बसलो. गुडघे कुरकुरले. झाकण बाजूला केलं, तो ओळखीचा आंबूस वास वर आला, आणि मी म्हणायला लागलो, "ऊठ सखे, ऊठ. सूर्य अंगणी आला…"

साइटवरचंच बाहेर पडलं. लहानपणापासून रोज सकाळी आईच्या तोंडून ऐकलेलं ते आलं नाही.

"अरे मेल्या!"

सगळ्या बायका दचकल्या.

"सूर्य कुठला? ऊन! ऊन म्हणायचं! आणि अंगणी काय, आरती करालास काय रे? आईनं असं शिकवलं तुला? काठी धर आधी नीट. हळू! तळाला लागतंय! एवढं शिकलास, पुण्याला गेलास, आणि मी तिथंच उभी असताना आज आली नाही म्हणालास? उभी होते की रे मी! त्या लोकांना कॉफी मी दिली! बँकेचा फोन म्हणे! सगळं सांगितलंय मला तुझ्या बायकोनं. माझी आई कुठल्या बाईला दिलीस तू? विचारलंस मला? ती माझी एकटीची होती काय? तुझी नव्हती? तिची लाज वाटली नाही कधी, ती तर माझ्यापेक्षा जास्ती एन् बेकु म्हणायची!"

तिचा आवाज चिरकत होता. या आवाजाला कुठल्याही एजन्सीनं ओके दिलं नसतं. मी काठी धरून खाली बघत बसलो. इतकी मराठी तिच्या तोंडून मी कित्येक दिवसांत ऐकली नव्हती, आणि त्यातलं एकही वाक्य मला खोडता येत नव्हतं.

मागे एका बाईनं हळूच फोन वर धरला होता. बहुतेक चांगल्याच मनानं. अक्का तिच्याकडे वळली.

"ते खाली ठेव, बाई. हे घरचं आहे."

फोन खाली गेला.

"म्हण परत," अक्का मला म्हणाली.

"एळ गं बाई, एळ," मी म्हणालो. "ऊन आलं बघ अंगणात. गूळ दिला, चुना दिला, अजून…" पुढचं नुसतं पुटपुटलो.

"जोरात. त्याला ऐकू जायला नको?"

"अजून एन् बेकु तुला?"

"हं. ढवळ आता. थांबू नको."

साइटवर आता बटण नाही. मॅडम अधूनमधून विचारतात, सर, ऑडिओचं काय करू या? काही नाही करायचं, मी म्हणतो, आणि आता तोंडानं म्हणतो. सकाळी झाकण अक्का काढते. माझ्यासमोर ती मडक्याशी अजून बोलत नाही. म्हणायचं मला लावते, आणि चुकलो की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते. सार् म्हणणं तिनं बंद केलंय. तम्मा अजून म्हणालेली नाही.